वाढलेले दोन किलो

प्रिय छायाताई,

आज सकाळी जिम उघडली आणि सगळ्यात आधी भिंतीवरचा तुझा फोटो काढून टाकला. डावीकडे अठ्ठ्याहत्तर किलोची तू, उजवीकडे त्रेसष्टची, आणि खाली लाल अक्षरांत 'पाच महिन्यांत पंधरा किलो!' सिडकोतल्या किती बायकांना मी तो मिरवून दाखवला असेल. ही माझी सख्खी बहीण, नांदगावला शाळेत शिकवते, नुसत्या फोनवरच्या सूचनांवर एवढं केलं तिनं, असं सांगताना माझी छाती फुगायची.

दर सोमवारी तू काट्याचा फोटो पाठवायचीस आणि मी अंगठा पाठवायचो. अर्धाच किलो उतरलेलं दिसलं की लिहायचो, 'ताई, एक भाकरी कमी कर.' दुसरं काही विचारावं असं कधी सुचलंच नाही. एकदा तू लिहिलं होतंस की फार थकायला होतं, सारखी तहान लागते, शाळेत पाण्याची बाटली चार-चारदा भरावी लागते. त्यावर माझं उत्तर काय, तर 'मस्त! पाणी प्यायलाच पाहिजे.' तो मेसेज मी काल पुन्हा वाचला.

भाऊबीजेला तू नाशिकला आलीस. मला ओवाळलंस, आणि उठायला गेलीस तर दोन्ही हात टेकूनही उठवेना. शेवटी आईनं, सत्तरीच्या आईनं, तुला दंडाला धरून उभं केलं. मी काय म्हणालो आठवतंय? "ताई, बारीक झालीस खरी, पण म्हातारी झालीस!" तूही हसलीस. आई मात्र हसली नाही.

दुपारी तुला जिम बघायची होती. दोन जिने चढताना तू तीनदा थांबलीस. वर पोचल्यावर गंमत म्हणून मी पंजाची ताकद मोजायचं यंत्र तुम्हा दोघींच्या हातात दिलं. आईचे एकवीस किलो भरले, तुझे बारा. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा बाराच. मग तुला खुर्चीवर बसवलं, हाताची घडी घालून अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितकं उठ म्हटलं. सहाव्या खेपेला तू माझा खांदा धरलास. मांडीला टेप लावला, तर माझ्याच दंडाचा वाटावा असा आकडा. पोटाचा घेर मात्र अजून मोठाच होता. ताई, मी अकरा वर्षं लोकांना शिकवतोय की काट्याला चरबी, स्नायू आणि पाणी यांतलं काही ओळखता येत नाही, म्हणून कंबर मोजा, ताकद मोजा, जिना चढून दम किती लागतो ते बघा. परक्या माणसांच्या वह्या मी अशा आकड्यांनी भरल्या. माझ्या बहिणीची वहीच नव्हती.

त्याच संध्याकाळी तुला डॉक्टरांकडे नेलं, आणि दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. साखर चारशे शहाऐंशी. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" आणि तू केवढ्या आनंदानं म्हणालीस, "पाच महिने झाले, डॉक्टर. हा माझा भाऊच ट्रेनर आहे ना!" ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे व्यायामानं उतरलेलं नाही. साखर वापरता येत नव्हती म्हणून शरीर स्वतःलाच खात होतं." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तुला मात्र त्यातलं काही कळलंच नाही असं वाटलं. तू मला विचारलंस, आता डाएट तेच ठेवायचं ना?

चार दिवस दवाखान्यात काढून, इन्सुलिन टोचायला शिकून तू नांदगावला परतलीस. मला वाटलं, संकट टळलं.

काल दुपारी पायलचा फोन आला. रडत होती पोरगी. "मामा, आई तीन दिवसांपासून इंजेक्शनच घेत नाहीये. पप्पांना घेतलं म्हणून सांगते. काट्यावर दोन किलो वाढले ना, म्हणून." लगेच दाजींना फोन केला, आणि संध्याकाळचं इंजेक्शन त्यांनी समोर बसून घ्यायला लावलं, तेही कळलं. पायलवर रागावू नकोस. पण दाजी रोज कुठवर पहारा देणार? फोनवर तू मला 'हो रे' म्हणून गप्प केलं असतंस, म्हणून हे लिहून आईच्या हाती देतोय. ती उद्या सकाळच्या गाडीनं येतेय, महिनाभर राहील. ताई, ते दोन किलो लठ्ठपणाचे नाहीत गं. झिजून गेलेलं तुझंच अंग परत येतंय. अजूनही येईल, येऊ दे. त्या आकड्याची भीती तुझ्या मनात मी घातली. तुझ्या आजारानं नाही, मी. माझ्याशी बोलू नकोस, पुढच्या दिवाळीला येऊही नकोस हवं तर, पण एकही सुई चुकवू नकोस.

तुझाच,
हर्षल