पोलीस बंदोबस्त आणि माझी मगर

सोमवार, १७ एप्रिल. सकाळी.
हरणाच्या शिकारीला एकोणीस दिवस उरले. नवी वही, नवे संकल्प. एक, पोलिसांशी वाद घालायचा नाही. दोन, प्रतिस्पर्धी निळ्या पथकाचं नावसुद्धा काढायचं नाही. तीन, कोकोत, म्हणजे मक्याच्या पेजेत, साखर दोनच चमचे.

यंदा प्रकरण नाजूक आहे. गेल्या वर्षी चौकात दगड उडाला. निळ्यांच्या ढोलवाल्याचे दोन दात गेले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. दोन्ही पथकं डोळे चोळत बसली आणि ज्याला आधी जिवंत पकडणारं पथक जिंकतं ते हरीण रमतगमत रानात निघून गेलं. आता नवे इन्स्पेक्टर आलेत. आटिंगा. उत्तरेकडचे, उंच, बोलणं मोजकं. त्यांनी दोन्ही पथकांना सांगून टाकलंय, यंदा एक दगड उडाला की शिकार तीन वर्षं बंद.

तीन वर्षं! आमच्या तांबड्या पथकाचे सुपी, म्हणजे प्रमुख, ओटू, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सहा वर्षं आम्ही जिंकलेलो नाही. म्हातारा एका हरणासाठी जीव धरून आहे.

अशा वेळी गावाला एक समंजस माणूस लागतो. मी स्वतःला पोलीस संपर्कप्रमुख नेमलं. कोणाचीही हरकत आली नाही. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, २० एप्रिल.
ठाण्यात सदिच्छा भेट. इन्स्पेक्टरना बंदोबस्ताचा नकाशा काढून दिला. त्यांनी विचारलं, हा कोणी मागितला? म्हटलं, परिस्थितीने. नाव विचारलं. सांगितलं, जोजो एसिल्फी, टेलर, पथकाची निशाणं तीस वर्षं मीच शिवतो. त्यांनी नाव वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. छाप पडली.

बोलता बोलता एवढंच म्हणालो, की आमचा खाडीकडचा रस्ता जवळचा आहे, फक्त तिथे खडीचे ढीग पडलेत.

संध्याकाळी हुकूम. खाडीचा रस्ता तांबड्यांना बंद. आम्ही कब्रस्तानाला वळसा घालून जायचं. वीस मिनिटं जास्त.

सुपींनी पथकाला विचारलं, ठाण्यात कोण तडमडायला गेलं होतं? मी गप्प राहिलो. वाद घालायचा नाही म्हणजे नाही.

सोमवार, २४ एप्रिल.
निशाणाची काठी पोलिसांना हत्यार वाटते, असं कानावर आलं. गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. काठी घेऊन ठाण्यात गेलो आणि ती किती निरुपद्रवी असते ते नाचून दाखवलं. गिरकी घेताना डाव्या गुडघ्याने दगा दिला. कॉन्स्टेबल ग्लॅडिसची टोपी छताच्या पंख्यात गेली. पंखा पण गेला.

नवा हुकूम: काठी दोन हातांपेक्षा लांब नको.

आरबा म्हणाली, अजून दोनदा जाऊन ये, म्हणजे पथकाला अनवाणी, हात बांधून पाठवतील. आरबा माझी बायको. मासे भाजणाऱ्या बायकांच्या संघाची अध्यक्ष आहे, त्यामुळे तिला राजकारण कळतं असा तिचा समज आहे.

बुधवार, २६ एप्रिल.
नवं निशाण तयार! माझं आजवरचं सर्वोत्तम काम. तांबडी जमीन, मधोमध काळं पातेलं, पातेल्यात मगर, बाजूला आमचा खेकडा, हातात पळी.

मगर हे निळ्यांचं चिन्ह. एकाचं चिन्ह दुसऱ्याने मिरवायचं नाही हा नियम मला पाठ आहे. पण नियमामागचा हेतू पाहायला हवा. हेतू शांतता. माझा खेकडा मगरीला जेवायला बोलावतोय. आतिथ्य! मगर हसतेसुद्धा. दातांना मी खास पांढरं साटीन लावलंय.

आरबाने पाहिलं. म्हणाली, पाहुण्याला पातेल्यात बसवतात का रे कुठे?

सुपी ओटूंनी पाहिलं. म्हणाले, मास्तर, हे जाळा. हात जोडतो.

प्रत्येक नव्या निशाणावर ठाण्याचा शिक्का लागतो. म्हणून तिकडे नेलं. इन्स्पेक्टर आटिंगांनी ते टेबलावर पसरलं, खिडकी लावून घेतली आणि ग्लॅडिसला दारात उभं केलं. मला वाटलं, कापडाला ऊन लागू नये म्हणून. निशाण जप्त. पावती दिली. पावतीवर ‘चिथावणीखोर वस्तू, नग एक’ असं आहे. नग एक खरंच. असं काम पुन्हा होत नाही.

रविवार, ३० एप्रिल.
चर्चनंतर शाळेच्या मैदानात शांतता बैठक. आमचे सुपी, निळ्यांचे सुपी क्वेजिर, इन्स्पेक्टर. पाच वर्षं या बैठका होतात. एकदाही कागदावर सही झालेली नाही. मला बोलावलं नाही. ठीकच आहे, मी असतो तर तांबड्यांचं पारडं फारच जड झालं असतं.

आरबा जेवण घेऊन गेली होती. चार तासांनी परत आली ती गाणं गुणगुणत. म्हणाली, ठरलं एकदाचं, सह्या झाल्या. काय ठरलं? म्हणाली, कळेल.

नक्कीच मोघम काहीतरी असणार. यांना मार्ग दाखवायला निशाणच पाहिजे. साटीन थोडं उरलंय.

बुधवार, ३ मे.
दुसरं निशाण पूर्ण झालं. शाळेचे गणवेश शिवतोय असं घरात सांगितलं. संकल्प: फक्त अंगावर बाळगायचं, उलगडायचं नाही.

शुक्रवार, ५ मे.
गावाचा नूर बरा नाही. राजधानी अक्राहून पोलिसांचे तीन ट्रक आले. ढाली उतरवल्या. चौकात जाड दोर बांधला, अलीकडे तांबडे, पलीकडे निळे. शिपाई रस्त्यावरचे दगड वेचून पोत्यांत भरताहेत. बाजार दुपारीच उठला. निळ्यांची माणसं आमच्या गल्लीवरून गेली तेव्हा ढोल वाजवत नव्हती. ते मला आवडलं नाही.

सुपी ओटू घरी आले, ओसरीवर टेकले. म्हणाले, मास्तर, उद्या तेवढं हरीण बघू द्या मला. मग मेलो तरी चालेल. म्हटलं, सगळी जबाबदारी माझी. त्यांनी डोळे मिटले. समाधानाने असावं.

संकल्प: अगदीच वेळ आली तर अर्धंच उलगडायचं.

शनिवार, ६ मे. पहाटे साडेतीन.
आरबा आज विलक्षण प्रेमाने वागतेय. आधी पेज घे म्हणते. साखर चार चमचे घातली. दहा मिनिटं थांब, कोणीतरी भेटायला येणार आहे, म्हणते. इतक्या पहाटे? मी निशाण पोटाला गुंडाळलंय. मागच्या दाराने निघतो.

त्याच दिवशी. सकाळी सव्वासात. ठाणे.
झालं ते क्रमाने लिहितो.

चौकाच्या तोंडाला ग्लॅडिस झडती घेत होती. मला पाहून दचकली. म्हणाली, मास्तर, तुम्ही इथे कसे? गाडी तुमच्या घरी गेलीय ना? म्हटलं, माझ्यासाठी गाडीबिडी नको, मी साधा माणूस. तिने शिट्टी तोंडाला लावेपर्यंत मी गर्दीत शिरलो.

दोराच्या दोन्ही बाजूंना चार-चारशे माणसं. मध्ये पोलिसांची एक रांग, ढाली दोन्हीकडे. निळे ओरडत होते, काय रे तांबड्यांनो, कब्रस्तानातून आलात, मुक्काम तिथेच करायचा होता! आमचे ओरडत होते ते इथे लिहीत नाही. दोर ताणला जात होता. मला वाटलं, हीच वेळ. थोडं हसू पाहिजे.

अर्धंच उलगडणार होतो. साटीन घसरतं.

निळ्यांचं ओरडणं थांबलं. मग आमचंही. आठशे माणसं पातेल्याकडे पाहत होती आणि एकही हसलं नाही. पलीकडे पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गडी खाली वाकला. पोलिसांनी दगड वेचले होते, पण गटाराच्या कडेची अर्धी वीट राहिली होती. ती त्याच्या हातात आली.

सुपी ओटू दोराला टेकून उभे होते. त्यांनी विटेकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तीन वर्षं. एवढंच म्हणाले.

मी निशाण गुंडाळायला गेलो. साटीन पुन्हा घसरलं.

निळ्यांच्या सुपी क्वेजिरनी त्या गड्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर इन्स्पेक्टरकडे. मग चक्क मान हलवली आणि वीट पायाशी ठेवली. इन्स्पेक्टर आटिंगा न धावता आले. निशाण घेतलं, नीट चार घड्या केल्या, माझा दंड धरला आणि मला दोन्ही पथकांच्या मधून ठाण्यात आणलं. वैयक्तिक संरक्षण. दोन्हीकडून टाळ्या पडल्या.

त्याच दिवशी. सकाळी नऊ.
बाकावर बसून ऐकतोय. रानाकडे आरडाओरडा. नंतर काहीच नाही. ग्लॅडिसला विचारलं, काय झालं? म्हणाली, मास्तर, गप्प बसा, मलाही ऐकू द्या.

ढोल! आमचा ढोल! तोच फाटका आवाज, त्याचं कातडं मी सांधलंय. तांबडे जिंकले. सहा वर्षांनी! एकही दगड नाही. खिडकीतून दिसलं, सुपी ओटू दोन माणसांच्या खांद्यांवर बसून रडत होते, आणि मागून निळे चालले होते, हात हलवत. मी रडलो नाही. डोळ्यांत अश्रुधूर गेला असावा. यंदा सोडला नव्हता म्हणे.

संपर्कप्रमुखाचं काम फत्ते. आता मला न्यायला मिरवणूक येईल.

त्याच दिवशी. दुपारी एक.
मिरवणूक आली नाही. इन्स्पेक्टर जेवून आले. मी म्हटलं, माझ्यावर कलम कोणतं ते सांगा, मी लढेन. म्हणाले, कलम नाही, मास्तर. फाईलमधून एक कागद काढून दिला.

रविवारच्या बैठकीचा ठराव. एकच मुद्दा. शिकारीच्या दिवशी पहाटे साडेतीनपासून हरीण हाती लागेपर्यंत जोजो एसिल्फी यांना ठाण्यात बसवून ठेवावं. खाली सुपी ओटूंची सही. शेजारी सुपी क्वेजिरांची.

पाच वर्षांत दोन पथकांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्या नावावर! कागद फ्रेम करण्यासारखा आहे. इन्स्पेक्टरना तसं बोललो. ते म्हणाले, अजून खाली वाचा.

खाली साक्षीदाराची सही आहे. आरबा एसिल्फी. पुढे तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे.

दरवर्षी, आणि शक्यतो शुक्रवारपासूनच.