टोपलीखालचं पीठ

लाटंबार्से,
५ फेब्रुवारी १९८७

प्रिय गोकुळदास,

भाऊ गेल्यावर तू पाठवलेलं सांत्वनाचं पत्र पोचलं. कृष्णनाथच्या दहाव्याला तू आला नाहीस, त्याचं कारण मी विचारत नाही. गणेश चवथीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर तुम्हा दोघा मित्रांचं भांडण झालं, तेव्हा चहा घेऊन मीच दारात उभी होते. त्या पोर्तुगीज बाईचं पत्र त्याने आपल्या इतिहासाच्या प्रबंधात ठेवावं, असा तुझा हट्ट. तिचा शिपाई नवरा एकसष्टच्या डिसेंबरात इकडे पेडण्याच्या सीमाचौकीवर मेला. तार पोचायच्या आदल्या सकाळी, तिकडे पोर्तुगालात, आपल्या उंबऱ्यावर लाल मातीची पावलं उमटली होती, असं तिने लिहिलेलं. कृष्णनाथ म्हणाला, पत्र दोन महिन्यांनंतरचं आहे, दुसरा साक्षीदार नाही, आणि ज्याला हवं असतं त्याला दिसतंच. तू म्हणालास, तिला काय हवं होतं तोही इतिहासच. तो नेहमीसारखा टेबलावर तीन बोटं टेकून उभा होता. मधल्या बोटाचं पेर लहानपणी अडकित्त्यात गेलेलं, म्हणून ते बाकी दोघांच्या मागे टेकायचं. त्याने ते पान तुझ्यादेखत खोडलं. तू चहा न घेता गेलास.

जानेवारीत साखळीच्या रस्त्यावर खनिजाचा ट्रक त्याच्या स्कूटरवर आला. पुढचं तुला कळलंच आहे.

दहाव्याच्या संध्याकाळी, आमच्या रीतीप्रमाणे, त्याच्या खोलीत दिव्यापाशी पाटावर तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस पिठावर खूण ठेवून जातो, असं मानतात. पीठ मीच पसरलं, हात धुतले, कडी लावून कुलूप घातलं. किल्ली उशाखाली ठेवली. सकाळी टोपली उचलली तर पिठावर तीन ठसे होते. गंगाकाकी म्हणाली, "कावळ्याचो पांय. आमचो किस्न पाखरू जालो गो!" आणि तिला रडता रडता बरं वाटलं. शेजारचा सखाराम म्हणाला, "उंदीर तो, बाय. उंदराक कडी उघडूंक कित्याक जाय?" उंदराला कडी उघडायची गरजच काय, असं त्याचं म्हणणं. आधी दिसलं ते टिपावं, अर्थ मागाहून लावावा, हे कृष्णनाथचंच सांगणं. त्याच्याच वहीत ठसे काढले, खाली तारीख आणि वेळ घातली. दोन ठसे पुढे, मधला मागे.

चार दिवस मी सुखात होते, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी, पुरावा तपासताना तो नेहमी विचारायचा तो प्रश्न आठवला. ही खूण करायची संधी कुणाला होती? किल्ली माझ्याकडे होती. मग वेगळ्या ताटात पीठ घेतलं, मधलं जरा आखडून माझी तीन बोटं टेकवली आणि वहीतल्या चित्राशी ताडून पाहिलं. अगदी तसंच. त्या सकाळी माझ्या नखांत पांढरं होतं, हेही तेव्हाच आठवलं. हात तर मी आदल्या संध्याकाळी धुतले होते. मधल्या वेळात उठल्याचं मला आठवत नाही. झोपेत चालायची सवय मला नाही. निदान कुणी तसं सांगितलेलं नाही.

ते पीठ त्याच सकाळी नदीत सोडायचं असतं. मी डब्यातलं दुसरंच पीठ पुडीत बांधून दिलं, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. खरं पीठ अजून त्या खोलीत, टोपलीखाली आहे. नऊ दिवसांत मी टोपली पुन्हा उचललेली नाही. ती त्याचीच बोटं, हे मी एकटीच धरून आहे, आणि हवंही सगळ्यांत जास्त मलाच होतं, त्यामुळे माझ्या साक्षीवर मलाच विसंबता येत नाही. त्याचा हात माझ्याइतका तूच ओळखतोस, म्हणून हे पत्र. तू ये. आधी माझी बोटं नीट बघून घे, मग टोपली उचल. दिसेल ते सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. आणि येताना तुझ्याकडे असलेलं त्या बाईचं पत्र आण. त्या सकाळी तिने स्वतःचे पाय पाहिले होते का, एवढंच मला त्यात शोधायचं आहे.

तुझीच,
कमलाक्षी अक्का