इटलीच्या संतिणीचा ग्राफ

७ जानेवारी १९७४, शुक्रवार पेठ, सोलापूर
लागली बुवा नोकरी! चन्नप्पांच्या हातमाग कारखान्यात, नक्षी काढायची. माडीवरची खोलीही त्यांनीच दिली, भरपूर उजेडाची. कामही मजेचं आहे. एका जुन्या इटालियन तैलचित्रावरून भिंतीचा पडदा विणायचाय. चित्र त्यांना कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात मिळालं. कुणी संतीण आहे. मान मागे टाकलेली, ओठ उघडे, देवापायी देहभान हरपलेली. आजवर बैलजोड्या न् मोर काढले, आता ही बाई! मी तिला ग्राफ कागदावर उतरवायचं, एकेक बारीक चौकोन रंगवत, आणि त्यावरून मागाच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची; त्या भोकांबरहुकूम माग नक्षी विणतो. पडदा पसंत पडला की नोकरी कायम. मग बायको कस्तुरा आणि आमची चंद्रा वैरागहून इकडे. चार वर्षांची पोर, पण तिच्याशिवाय घास उतरत नाही.

९ जानेवारी
संतिणीची पावलं झाली. संध्याकाळी माझ्या टाचेत खिळा रुतलेला दिसला. रक्त पाहून कळलं, दुखलं नाही. दिवसभर मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होणारच.

११ जानेवारी
आज तिचा डावा हात केला. दुपारी माझ्या डाव्या हातावर उकळता चहा सांडला. कातडी सोलवटली, तरी काही जाणवलं नाही. सुताच्या कांड्या भरणाऱ्या पार्वतम्मा बघत होत्या. चित्राकडे बोट करून म्हणाल्या, "तिला तरी कुटं काय लागतंय? लई झालं, उटा की तुमी." तिचा जो भाग रंगवतो, माझा तोच मरतो. उद्या चन्नप्पांना नाही म्हणून सांगणार.

१२ जानेवारी
चन्नप्पा हसले. कायम नोकरीचा कागद टाइप करून तयार होता, तो दाखवला. चंद्रा डोळ्यांपुढे आली. भीत भीत बसलो. संध्याकाळपर्यंत छाती पुरी केली.
भीती गेली.

१३ जानेवारी
नाही म्हणायचं होतं, हे लक्षात आहे. का, तेही लक्षात आहे. पण तसं वाटत नाही.

१५ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेसाठी कस्तुरा आणि चंद्रा आल्या. चंद्रा पळत येऊन गळ्यात पडली. वजन कळलं. बाकी काही नाही. मी असा काय बघतो, म्हणून कस्तुरा रडली. मी जेवलो.

१६ जानेवारी, सकाळ
फक्त डोळे उरलेत. कस्तुरा खाली पाणी भरतेय. चंद्रा माझ्या मांडीवर. कुंचला मागतेय. देऊ नये, हे मला माहीत आहे. ओरडून तिला खाली पाठवायला हवं.
दिला.
छान रंगवते. रेघेबाहेर जात नाही. एक डोळा झाला —
विचारतेय, आप्पा, या बाजूला अंधार का झाला.
दुसऱ्या डोळ्याचे बारा चौकोन. तिचा हात धरायला हवा. अकरा. धरायला — दहा. नऊ —