खाल्लेलं वाक्य

चुंछॉन, दक्षिण कोरिया
रविवार, १० नोव्हेंबर २०१९

प्रिय गालीनाताई,

तुला, कोस्त्याला, वेराला आणि भावजींना (ते समुद्रावर असले तर त्यांच्या बोटीलाही) नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. थंडी पडली की आईचा गुडघा कुरकुरतो, पण शहात्तराव्या वर्षीसुद्धा ती माझ्यापेक्षा भराभर चालते. सकाळी तळ्यावरून इतकं धुकं येतं की समोरची इमारत दिसत नाही. तुमच्याकडे साखालिनला बर्फ पडला असेल.

कागदावरचं पत्र बघून तू दचकली असशील. फोनवर आपलं ठरलेलं आहे. "बरं ना? बरं. ठेवते." हे पत्र तुझ्या हातात पडायला तीन आठवडे लागतील. तरी लिहितेय. का ते पुढे येईल.

आधी ऑफिसच्या बातम्या. आमच्या विद्यापीठातल्या प्रादेशिक अभ्यास केंद्रात माझं काम म्हणजे कार्यक्रम. प्राध्यापक जगाचा अभ्यास करतात आणि मी त्यांच्या खुर्च्यांचा. कोण कुणाच्या शेजारी बसणार, नावाच्या पाट्या, मागचा कापडी फलक, जेवणाचे डबे आणि पाहुण्यांना द्यायचे टॉवेल. इथे टॉवेलवर कार्यक्रमाचं नाव छापलं नाही तर कार्यक्रम झाला असं कुणी मानतच नाही. यंदाच्या 'शेजारी देशांच्या सप्ताहा'साठी तीनशे छापले, त्यातले सव्वाशे उरले. चार तुला पाठवतेय. रंग नारिंगी आहे, तो मी निवडलेला नाही.

सोमवारी जुन्या नकाशांचं प्रदर्शन झालं. मंगळवारी उलानबातरहून आलेल्या प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. श्रोते चौदा, त्यातले अकरा हजेरीच्या सहीसाठी आलेले. तरी ते बिचारे भरल्या सभागृहासमोर बोलावं तसे बोलले. बुधवारी चित्रपट. गुरुवारी खाण्याची टेबलं मांडली होती, तिथे मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. आणि शुक्रवारी 'सीमेवरची माणसं' हा परिसंवाद.

इथे मी उठून चहा करून आले. आता पुढचं.

परिसंवादात एका साखालिनहून परतलेल्या बाईंची साक्ष ठेवायची होती. आमच्या संचालिका मिन बाई म्हणाल्या, "ह्वा-यंग, तुझ्या घरातच साक्षीदार असताना बाहेर कशाला शोधायचा?" ह्वा-यंग म्हणजे मीच, इथे मला 'नेल्या' या घरच्या नावानं कुणी हाक मारत नाही. आणि त्याच श्वासात त्या म्हणाल्या, फेब्रुवारीत तुझा नोकरीचा करार संपतोय, त्याचंही बघायला हवं. मी आईला विचारलं.

"किती वेळ बोलायचं?"

"वीस मिनिटं."

"शहात्तर वर्षांना वीस मिनिटं? बाकीचा वेळ कोण बोलणार?"

"पाहुणे शुभेच्छा देणार."

"कुणाला?"

"एकमेकांना."

आई हसली आणि तयार झाली. तिच्या खोलीत राहणाऱ्या ओक-सुन मावशी मात्र फुगून बसल्या. "मी पण तिथलीच ना? मला का नाही विचारलं? माझं तोंड काय भाड्यानं दिलंय?" त्यांना मी पहिल्या रांगेत खुर्ची दिली, तेव्हा कुठे शांत झाल्या.

शुक्रवारी कार्यक्रम सुरू होण्याआधीच सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. नंतर माणसं राहत नाहीत, म्हणून आम्ही तो आधीच काढून घेतो. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मूठ वर केली. आईनं मला हळूच विचारलं, "कुणाशी भांडायचंय?" तिची तब्येत त्या दिवशी अशी छान होती, ताई. तुझी जांभळी शाल घातली होती तिनं.

पाच पाहुण्यांच्या शुभेच्छा झाल्यावर मिन बाईंनी आपली ओळख करून दिली. म्हणजे आपल्यासारख्या सगळ्यांची. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कसंतरीच होतं. जपान्यांनी कोरियातून मजूर म्हणून साखालिनला नेलेली माणसं, युद्ध संपल्यावर बेट रशियाकडे गेलं आणि ती तिथेच अडकली. पन्नास वर्षांनी कोरियानं त्यांना परत बोलवायला सुरुवात केली, पण १५ ऑगस्ट १९४५च्या आधी जन्मलेल्यांनाच. मुलाबाळांना परवानगी नाही. आणि घर दोघांत एक, म्हणून एकट्या बायकांनी जोडीदारीण शोधायची. मिन बाई हे सगळं दोन मिनिटांत सांगून मोकळ्या झाल्या. आईची आणि ओक-सुन मावशींची जोडी जमवताना आपल्या स्वयंपाकघरात किती रात्री चर्चा झाल्या, ते तुला आठवत असेल.

आईला कोरियन उत्तम येतं. तिथल्या वळणाचं आहे, इथली मुलं ऐकून गालात हसतात, पण येतं. तरी ती मला म्हणाली होती, "पोटातलं माझ्या तोंडी रशियनच येतं. तू शेजारी बस आणि सांग." म्हणून मी दुभाषी म्हणून तिच्या शेजारी माईक धरून बसले. कोर्साकोवचा बाजार, बर्फात बादल्या मांडून विकलेलं किमची, भाजीसाठी जंगलातून आणलेला नेचा, बाबांची खाण, सगळं सुरेख सांगितलं तिनं. मीही नीट सांगत गेले. शेवटी मिन बाईंनी एक प्रश्न विचारला. प्रश्नांची यादी मीच केली होती, त्यात तो नव्हता. "तुम्ही निघालात तेव्हा मुलींना काय वाटलं?"

आई माझ्याकडे वळली आणि रशियनमध्ये म्हणाली, "थोरली मला म्हणाली, जा. तिचा पोरगा आजारी होता, तरी म्हणाली, जा, माझी काळजी करू नको. तिनं एकदा जरी थांब म्हटलं असतं, तर मी विमानात पाय ठेवला नसता. म्हणून आले मी. मायदेशाची ओढ वगैरे सगळं नंतरचं."

मी माईक तोंडाशी नेला आणि कोरियनमध्ये म्हणाले, "मुलींना फार वाईट वाटलं. पण आईच्या मनातली मायदेशाची ओढ त्यांनी समजून घेतली."

टाळ्या पडल्या. एका बाईंनी आमच्या टॉवेलनं डोळे पुसले. आईनं मात्र माझ्याकडे बघितलं ते बघतच राहिली. तिला दोन्ही भाषा येतात, ताई. दोन्ही भाषा कळणाऱ्या बाईचं बोलणं मी तिच्याच देखत फिरवलं. एवढा मूर्खपणा आपल्याच घरात होऊ शकतो.

इथपर्यंत वाचून तू म्हणत असशील, मी कधी म्हणाले जा?

नाहीच म्हणालीस.

मी आता तिसऱ्यांदा उठून आले. धुतलेले कपडे उगाच पुन्हा घड्या करून ठेवले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काही अर्थ नाही, म्हणून एका दमात लिहिते.

ऑक्टोबर २००९. आईच्या विमानाला चार दिवस होते. तू खोल्म्स्कहून फोन केलास, आई बाजारात होती, मी उचलला. तू म्हणालीस, "आईला सांग, वसंतापर्यंत थांब. कोस्त्याचं ऑपरेशन खाबारोव्स्कला ठरलंय. वेरा अंगावर पिते, हे समुद्रावर आहेत, मी एकटी काय काय करू? तिला सांग, मी कधी काही मागितलं नाही, हे मागतेय." मी म्हणाले, "सांगते." तू म्हणालीस, "नक्की सांग हं, नेल्या."

संध्याकाळी आई रिकाम्या बादल्या घेऊन आली. मी सांगितलं, "ताईचा फोन आला होता. म्हणाली, जा, माझी काळजी करू नको."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बादल्या धुतल्या. नंतर म्हणाली, एकदा बोलते तिच्याशी. मी म्हटलं, मी लावून देते फोन. आणि लावला नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लागत नाही, ती खाबारोव्स्कला निघाली असेल. तूही परत फोन केला नाहीस. तू कुठलीही गोष्ट एकदाच मागतेस, हे मला माहीत होतं. त्याच्यावरच मी विसंबले होते.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की ओक-सुन मावशींसाठी केलं. आई थांबली असती तर जोडी मोडली असती आणि त्यांचीही जागा गेली असती. ते खरंच आहे. पण मी त्यासाठी केलं नाही. मी सव्वीस वर्षांची होते. मासळीच्या कारखान्यात दिवसाला बारा तास मासे चिरत होते, हाताचा वास साबणानं जात नव्हता. आई इथे आली की तिला भेटायच्या निमित्तानं मला येता येणार होतं, मग शिकता येणार होतं. आणि तसंच झालं. मी शिकले, नोकरीला लागले, आता पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या लावते. कोस्त्या दवाखान्यात होता तेव्हा तू चाळीस दिवस त्या बाकावर तान्ह्या पोरीला घेऊन एकटी बसलीस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी घाबरून तुला फोनही केला नाही.

आणि २०१२ला आम्ही दोघी आलो होतो तेव्हा! चार दिवस तुझ्याकडे राहिलो. तू वाढलंस, पण जेवायला बसली नाहीस. तुला वाटत होतं, मी थांब म्हटलं तरी ही गेली. आईला वाटत होतं, हिनं एका शब्दात मला वाटेला लावलं. दोघी इतक्या मानी की कुणी विचारीना. विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. मी तोंडात गुळणी धरून तुमच्या मध्ये बसले होते आणि देवाजवळ मागत होते की यांनी बोलू नये. असं कुणी मागतं का ग?

शुक्रवारी परतताना बसमध्ये आईनं विचारलं, "तू माझं वाक्य का खाल्लंस?"

मी म्हटलं, "वेळ कमी होता."

"कमी कसा? त्या जागी तुझं घातलंस ना. माझ्याइतकंच लांब होतं."

मावशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मला बोलावलं असतं तर ही वेळ आली नसती." आई हसली नाही.

काल सकाळी हिवाळ्याचं किमची घालायला बसलो होतो. वीस गड्डे कोबी, आईचे हात कोपरापर्यंत मिठात. तिथे मी सांगून टाकलं. वर लिहिलं तेवढंच, पण फार वाईट तऱ्हेनं, अडखळत. आता ती मारेल, असं वाटत होतं. खरं सांगू, मारावं असंच वाटत होतं.

आई म्हणाली, "म्हणजे ती थांब म्हणाली होती?"

"हो."

"मला?"

"तुलाच."

"कशी म्हणाली? तिच्या शब्दांत सांग. रशियनमध्ये सांग."

मी सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. 'मी कधी काही मागितलं नाही, हे मागतेय' या वाक्याशी ती पालथ्या घातलेल्या टबावर बसली, ओले हात मांडीवर ठेवून. आणि ताई, तिचा चेहरा उजळला. रागाचा मागमूस नाही. ती उठून न्हाणीत मिरच्या धूत बसलेल्या मावशींकडे गेली. "ऐकलंस का ओक-सुन? माझ्या थोरलीनं मला थांब म्हटलं होतं."

"दहा वर्षांनी त्याचं काय लोणचं घालतेस? आता परत जाणार आहेस का?"

"जाणं न जाणं वेगळं. म्हटलं होतं ना तिनं!"

तिनं मला दोन रट्टे घातले असते तर मी ते सोसले असते. तिचा आनंद बघवेना. एवढ्याशा गोष्टीवाचून ती दहा वर्षं राहिली. आज सकाळी तिनं लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. त्याला ऐकू येत नाही, तरी त्यानं मान हलवली.

माझ्याशी मात्र ती कालपासून बोलत नाही. मीठ हवं असेल तर मावशींना म्हणते, "तिला म्हणावं मीठ दे." एकदाच सरळ बोलली, ते या पत्राबद्दल. मी फोन उचलला होता, तुला लावायला. तो तिनं माझ्या हातातून घेतला. "तू तोंडानं सांगायचं नाहीस. तुझ्या तोंडाचा भरवसा उरला नाही. स्वतःच्या हातानं लिही, म्हणजे तिच्याकडे पुरावा राहील. तिनं वाचल्यावर मी बोलेन तिच्याशी." म्हणून तीन आठवडे. ती कॅलेंडरवर दिवस मोजतेय.

उद्या मी मिन बाईंना परिसंवादाच्या पुस्तकासाठी आईचं बोलणं उतरवून देणार आहे. जसं बोलली तसं. त्यांना मायदेशाची ओढ हवी आहे, त्या चिडतील. फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू.

मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं, तुला खोडलेलं दिसत असेलच. आज ते मागायचा मला हक्क नाही. तू चिडून हे पत्र चुलीत घातलंस तरी चालेल, पण आईचा फोन आला की उचल. मला हवे ते बोल लाव, तिच्यावरचा राग मात्र सोड, तो तिच्या वाट्याचा नव्हताच.

मी हे लिहितेय हे बघून ती आत्ता खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तिला एवढं लिही. जसंच्या तसं लिहिते. यात माझा एकही शब्द नाही.

"गाल्या, मला कळलं असतं तर मी थांबले असते."

तुम्हा दोघींच्या मध्ये दहा वर्षं उभी राहिलेली,
नेल्या