नऊ मण लाकूड

प्रिय अक्का,

तुला न्यायला नऊ मण लाकूड लागलं. सगळी वेडी बाभूळ, माझ्याच ढिगातली. भट्टीत रचली असती तर चार पोती कोळसा निघाला असता, हे मी तिथं उभ्या उभ्या मनात मोजलं. लाज वाटली, पण सवय जाते का? मग तुझ्या पद्धतीनं मोजलं. त्या बाभळींनी बारा-पंधरा वर्षं हवेतून जे घोट घोट घेतलं, ते तीन तासांत परत हवेत गेलं. आणि त्याच्याबरोबर तू.

आज सकाळी गडी आले होते. लाकूड तोडून तुझ्या घरामागं आणून टाकलंय. कोंडिबा म्हणाला, "मालक, भट्टी कवा पेटवायची?" मी म्हणालो, "दिवस मावळायच्या आत सांगतो." त्याला सांगण्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, आणि तुझ्याशी बोलायचं तर आता कागदच उरलाय. चुकांवर लाल रेघा मारू नकोस!

दहावीला आपटलो तेव्हा आपल्या आण्णांनी मला घराबाहेर काढलं होतं. तूच तुझ्या घरामागचं पडीक रान दिलंस. "कष्टाचं हाय ना? मग कर," एवढंच म्हणालीस. तिथं लावलेल्या कोळशाच्या एका भट्टीवर मी उभा राहिलो. वडवणीच्या बाजारापासून मांजरसुंब्याच्या ढाब्यांपर्यंत माझा कोळसा जायला लागला.

आणि माझे कान! सगळ्या तालुक्यात भट्टीचा श्वास माझ्याइतका कुणाला कळत नाही, असं मी छाती काढून सांगायचो. वरच्या मातीच्या लिंपणाला केसाएवढी भेग पडू दे, आत हवा शिरल्याची बारीक सूं मला वीस पावलांवरून ऐकू यायची. हवा शिरली की कोळशाची राख होते, म्हणून गडी माझ्या कानावर जगायचे. "मालकाला कान न्हाईत, मीटर हायत," असं कोंडिबा म्हणाला, तर तू लगेच, "वर्गात का रं बंद असायचा मग ह्यो मीटर?"

तू सातवीला विज्ञान शिकवायचीस, पण तुझा सगळ्यात ढ विद्यार्थी मीच. लाकूड हवेतून होतं म्हणालीस, तेव्हा मी किती हसलो! "अक्का, हवा काय मणानं भरती का?" तू भांडली नाहीस. माझ्याच काट्यावर दोन मण वाळलेली माती जोखलीस, अर्ध्या पिंपात भरून त्यात कडुलिंबाचं रोप लावलंस. पाच वर्षांनी तीच माती वाळवून परत जोखायला लावलीस. किलोभरसुद्धा कमी भरली नाही, आणि लिंब माझ्या डोक्याच्या वर गेलेला. "आता सांग, एवढं झाड आलं कुठून?" मी काट्यावरच संशय घेतला. स्वतःच्या काट्यावर, अक्का!

तो लिंब मग तू परसात लावलास. त्याच्याखाली बसून म्हणायचीस, "मी श्वास सोडते तो कार्बन ह्यो खातो, ह्यानं सोडलेलं मी घेते. आमी दोघं एकमेकाचं उष्टं खातो." तुला एकटीला जेवायला कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं होतं. त्याचं हे उत्तर होतं.

खोकला कधी सुरू झाला ते तू सांगितलं नाहीस. मी खडूच्या भुकटीवर ढकललं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी खडूच! मागच्या खिडकीला तू जुनं लुगडं ओलं करून टांगायचीस. मला वाटलं उन्हाळ्यासाठी. "भारी युक्ती हाय," असं वर कौतुकही केलं. पुढं कळलं, ते भट्टीच्या धुरासाठी होतं, तेव्हा म्हणालो, "एवढा हंगाम जाऊ दे, भट्टी हलवतो." असे तीन हंगाम गेले. तू एकदा तरी कान का पिळला नाहीस?

आणि बीडचा तो दवाखाना. डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, विचारलं, "घरात धूर असतो का? चूल आहे?" तू तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "न्हाई, गॅस हाय." खोटं नव्हतं ते. तू माझ्याकडं नुसतं बघितलंस. येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो, तर म्हणालीस, "बाळू, भजी गरम हायेत, खा." मी खाल्ली, अक्का. चांगली लागली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला बसलो आणि माझे हात आपोआप चालायला लागले. राख इकडं, कोळसा तिकडं. चांगले ठोकळ कोळसे वेगळे काढून मी ढीग लावला. भट्टी उकलताना करतो तसंच! आत्या ओरडली, "बाळ्या, काय करतोस हे?" माझे हात तिथंच थांबले. राख नदीत सोडली. तूच सांगायचीस, राख म्हणजे नुसते क्षार, झाडाचं आणि माणसाचं खरं सगळं धुरात जातं. पण पुरलेला कोळसा शेकडो वर्षं जमिनीत टिकतो, हेही तूच सांगितलेलं. म्हणून त्यातला ओंजळभर लिंबाच्या बुडाशी पुरला. बाकीची तू हवेत आहेस. लिंबाला नवी पालवी आलीय. तिच्यात तू किती, हे जोखायला माझ्याकडं काटा नाही.

आता कोंडिबाला सांगतो. भट्टी पेटणार नाही. दुसऱ्या गावाच्या कडेलाही लावणार नाही, तिथंही कुणाची तरी अक्का असेल. गड्यांना ऊसतोडीला जावं लागू नये, एवढं काम बघणं माझ्याकडं लागलं. आणि बीडला जाऊन त्या डॉक्टरांना खरं सांगीन, आता त्याचा उपयोग नसला तरी. हा शब्द तुला.

एक राहिलं. त्या दुपारी मी तुझ्या खाटेला लागून खुर्चीत पेपर वाचत होतो. हातभर अंतर. तुझा श्वास कधी थांबला, ते मला ऐकू आलं नाही. चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं सांगितलं.

तुझा धाकटा,
बाळू