दोन तासांची रेघ

प्रिय दादा,

मजेत असशील. तुझ्या विमानतळावर वारा फार, धावपट्टी आखूड, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे तुझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? आठवड्यातून दोनदा विमान येतं. तिकीटखिडकीत मी, बॅगा काट्यावर चढवायला मी, आणि प्रवाशांना शिडीपर्यंत सोडायलाही मीच.

नोकरीवर निघालास तेव्हा तू बाबांना मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतंस. दोन विमानतळांची नावं टाकायची, की मधलं अंतर आणि लागणारा वेळ येतो. नकाशावर सरळ रेघ, खाली दोन तास. हाक मारा, दोन तासांत हजर होतो, म्हणालास. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्या रेघेवरून एकही विमान जात नाही, तीनदा बदलावं लागतं, दोन दिवस मोडतात, हे मी तेव्हाच बजावलं होतं. पण मुलाच्या शब्दापुढे तिकीटखिडकीतल्या मुलीला कोण विचारतो? बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण बाबा पोटभर जेवले.

त्यांची डावी बाजू लुळी पडल्यावर मी फोन करायची, तू निघतो म्हणायचास. मग बाबा माझ्याकडून दाढी करून घ्यायचे, बूट घालायला लावायचे आणि दारातल्या खुर्चीत बसायचे. विमानाचा वार नसला तरी बसायचेच. अंधारायला लागलं की मी बूट काढायची. दरवेळी तुझी बाजू तेच घ्यायचे, याचा मला भयंकर राग यायचा.

गेल्या महिन्यात जनरेटरचा भाग घेऊन तुझ्याकडून थेट आमच्याकडे विमान निघालं. जन्मात पहिल्यांदा ती रेघ खरी झाली. मी फोनवरूनच वैमानिकाच्या हातापाया पडून एक जागा राखून ठेवली, तुला कळवलं. बाबांना चाकांच्या खुर्चीतून कुंपणापाशी नेलं. विमान बरोबर दोन तासांत उतरलं. वैमानिक एकटाच उतरला, हातात खोकं. आत बाबांसाठी नवे बूट. तुला सुट्टी होती म्हणे. खोकं द्यायला शिडीपर्यंत आला होतास म्हणे. बाबा म्हणाले, कामं असतात त्याला. त्यानंतर त्यांनी दाढी करायला सांगितलं नाही.

दादा, बाबा गेले. सगळं आटोपलंय, आता धावपळ करू नकोस. ते नवे बूट मी त्यांच्या पायात घातले नाहीत, जुनेच घातले. हे पत्र तीन विमानं बदलत आठवडाभराने तुझ्या हातात पडेल. फोन होता ना, असं विचारशील. होता. पण फोन केला असता तर तू म्हणाला असतास, दोन तासांत येतो. आणि लहानपणापासून तुझ्या मागे मागे पळणारी मी वेडी, दाराकडे बघत बसले असते.

तुझंच,
शेपूट