जुन्या मालकाचं मत

३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. बाबांना दाखवू नकोस.

ताई, मी आता टेकीला आलोय. या व्हिसाची अट तुला पाठ झाली असेल: मोठ्या शहरात राहायचं नाही, आडगावात राहून आपल्याच धंद्यातलं काम मिळवायचं. मुदत एप्रिलअखेर, नाहीतर गाशा गुंडाळून परत. इथे गाव म्हणजे एक रस्ता, एक पेट्रोल पंप आणि शेतीची यंत्रं दुरुस्त करणारं एखादं वर्कशॉप. अशी पाच वर्कशॉप पालथी घातली. सगळीकडे मला लेथवर उभं करतात, शाफ्ट कापायला देतात, मापून बघतात, खूश होतात. मग म्हणतात, जुन्या मालकाचा नंबर द्या. मी देतो, आणि त्यानंतर सगळे चिडीचूप. सध्या बटाटे धुवायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभा असतो. ते काम अटीत बसत नाही.

काल पाचव्या ठिकाणच्या फोरमनला माझी दया आली आणि त्याने खरं काय ते सांगितलं. बाबा त्याला फोनवर म्हणाले, काम ठीक करतो, पण अजून पुष्कळ शिकायचंय, घाई करतो, मागे उभं राहून लक्ष ठेवावं लागतं. ताई, सहा वर्षं राबलो मी त्यांच्या लेथवर. जन्मात कधी शाबास म्हणाले नाहीत, ते सोड. पण परक्या माणसासमोर तरी? तूच समजाव त्यांना. तुझं ऐकतात.

लोभ आहेच, तो या कामापुरता जरा वाढव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझं ऐकतात म्हणे! कुठल्या घरात वाढलास रे तू?

दुकानात गेले तर बाबा चष्मा कपाळावर सरकवून ड्रिलला धार लावत बसले होते. विषय काढला तर म्हणाले, आपल्या मुलाचं कौतुक आपल्याच तोंडाने करायचं का, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, पण काम तर देतील. धार लागली तरी घासतच होते. शेवटी म्हणाले, पाचही जणांनी मला विचारलं की तुमच्याकडे नोकरीला असलेला माणूस कसा होता. नोकर म्हणून विचारलं, मी नोकर म्हणून सांगितलं.

आता तू सांग. अर्जात वडील असं लिहिलंच नाहीस? बापाचा नुसता मालक करून टाकलास? माझं डोकंच फिरलं. एकाला मुलाचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, दुसऱ्याला बापाचं नातं सांगवत नाही, आणि मध्ये मी मरतेय. दोघांना एकाच वाइसमध्ये घालून आवळावंसं वाटतं. तुझं पत्र मी दाखवलं नाही, पण फोरमनचं सांगून टाकलंय. आता मला काही लिहू नकोस, त्यांनाच लिही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. राग आहे, माया त्याहून जास्त आहे.

तुझी,
ताई

१२ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईने चांगलंच झापलंय, म्हणून सरळ लिहितो. अर्जाच्या वेळी व्हिसाचा एजंट म्हणाला होता की घरच्या दुकानातला अनुभव कुणी खरा धरत नाही, नातं लिहू नका. सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं, पण खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं. तिकडे मी कितीही नीट काम केलं तरी गिऱ्हाईक ते तुम्हाला दाखवूनच न्यायचं. एकदा तरी कुणी मला नुसता टर्नर म्हणून विचारावं, असं फार वाटत होतं. तुम्हाला लागेल हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं.

पण बाबा, तुम्हीही कमाल केलीत. राग होता तर मला चार शिव्या घालायच्या होत्या. पाच वेळा हातातोंडाशी आलेलं काम कशाला घालवलंत?

आता शेवटचं वर्कशॉप उरलंय. साठीच्या एक मालकीणबाई चालवतात, वेल्डिंगसुद्धा स्वतः करतात. या वेळी मी आधीच सांगितलंय की जुने मालक माझे वडील आहेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तरी फोन तर करणारच. परवा करतील. तुम्हाला वाटेल ते सांगा. नाही जमलं तर परत येईन, आणि कुणावर खापर फोडणार नाही.

आपला आज्ञाधारक (एवढं तरी खरं माना),
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बाईंचा फोन आला. मोडक्यातोडक्या भाषेत बोललो, पण त्यांना कळलं.

त्यांनी विचारलं, वडील म्हणून काय सांगाल. मी म्हटलं, वडील म्हणून विचारू नका, दुकानदार म्हणून विचारा. मग सांगितलं की तो गेल्यापासून बारीक आट्यांची कामं मी परत पाठवतो. माझा हात आता थरथरतो आणि दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. घाई करतो, तेही सांगितलं. घाई करूनही माप चुकत नाही, याचाच मला राग यायचा.

आधीच्या पाच फोनांचंही मीच सांगून टाकलं. असं का केलंत, म्हणाल्या. नोकर म्हटल्याचा राग आला असं सांगणार होतो, ताईला तेच सांगितलं होतं. पण बाईंना खरं सांगितलं. पाचही वेळा मनात हेच होतं की काम नाही मिळालं तर पोरगा घरी येईल.

मग त्यांनी विचारलं की आता ठेवून घेऊ का. मी म्हटलं, ठेवून घ्या.

सोमवारी सातला बोलावलंय, तुलाही कळवतील. पावणेसातला जा. त्यांच्या मशीनला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

कळावे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझे,
बाबा